गॅलरीच्या राज्यातील यंत्र आणि सदतीस वर्षांचा खलिता

श्रीविघ्नहर्ता प्रसन्न, वीजमाता सुप्रसन्न, आणि वाचणारा सहनशील असो. शके एकोणीसशे आठ, क्षयनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, कोण्या एका राज्यात इंदुराहून खलिता येऊन दाखल जाहला, त्याचे उत्तर गेले नाही. ते का गेले नाही, कोणाच्या भिडेने अडले, आणि अखेर कोणत्या मुहूर्तावर रवाना जाहले, ही हकीकत घरच्या सरकारांची आज्ञा जाहली म्हणून यथामति लिहिली आहे. अधिक असेल ते वगळून वाचावे. उणे असेल तो दोष नरहरपंतांचा समजावा. त्यांना त्याची सवय आहे.

राज्याचे नाव सांगणे मुनासिब नाही. चतुःसीमा मात्र सांगतो: पूर्वेस कपडे वाळवण्याची दोरी, पश्चिमेस स्वयंपाकघर, उत्तरेस शेजाऱ्यांची भिंत, आणि दक्षिणेस कबुतरांच्या भयाने जाळी मारलेली गॅलरी. या राज्याचे धनी राजश्री नरहरपंत सोवनी, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तेहतीस वर्षे ग्रंथपाल राहून निवृत्त जाहलेले. यांचा पराक्रम असा की तेहतीस वर्षांत कोणावर आवाज चढविला नाही, आणि उशिरा पुस्तक आणणारा विद्यार्थी समोर आला म्हणजे तो ओशाळण्यापूर्वी पंतच ओशाळत. राज्याचे खरे सरकार म्हणजे सौभाग्यवती इंदुमतीबाई. पंतांस आपण धनी आहोत असे वाटे, आणि बाई त्यांस तसे वाटू देत.

पंतांचे परमस्नेही जनार्दनपंत फणसळकर, त्याच महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे अध्यापक. त्यांजकडे विलायतेहून भाच्याने आणलेले एक घरगुती संगणक यंत्र होते. रंग सायीसारखा, आकार पोळपाटाएवढा, अंगाला कळफलक जडलेला, आणि बुद्धी म्हणावी तर साडेतीन हजार अक्षरे मावतील इतकीच. त्यास दूरदर्शन संच जोडावा म्हणजे अक्षरे दिसत, आणि टेपरेकॉर्डर जोडून कॅसेट ऐकवावी म्हणजे ते कॅसेटमधील मजकूर ध्यानात धरी. उभय मित्र रविवारच्या रविवार त्यापुढे बसत आणि ते काही करीत नसे तरी आनंद पावत. पुढे जनार्दनपंतांस इंदुरास मोठी जागा मिळाली, तेथील शाळेत तसेच दुसरे यंत्र होते, म्हणून जाताना त्यांनी आपले यंत्र पंतांच्या स्वाधीन केले आणि म्हणाले, तू पुस्तके सांभाळणारा माणूस, तुझ्या हाती शाबूत राहील. पंतांनी दोन्ही हातांनी यंत्र घेतले आणि चौथ्याच दिवशी जाळले. जाहले ते ऐसे की यंत्राच्या वीजपुरवठ्याची डबी सापडेना, आणि घरच्या रेडिओचे एलिमिनेटर, तीही तसलीच एक डबी, सापडले, आणि त्याची पिन यंत्राच्या भोकात बरोबर बसली. मग पंतांनी ग्रंथपालाचा न्याय लावला की जे ज्या खणात बसते ते त्याच खणाचे, आणि बटन दाबले. पिन बसली, परंतु विजेचे अधिक-उणे उलटे होते. यंत्रातून निळा धूर निघाला आणि ते मौन जाहले.

या प्रसंगास आठवडा होतो न होतो तो जनार्दनपंतांचा खलिता आला, आणि सोबत एक कॅसेट. मजकूर इतकाच जे, "ही कॅसेट यंत्राला ऐकव. ते तुला एक प्रश्न विचारील. उत्तर दे, आणि जे होईल ते मला लेखी कळव." यंत्र नाही, तर प्रश्न नाही. प्रश्न नाही, तर उत्तर काय लिहावे? यंत्र जाळले असे लिहिण्यास धीर होईना, आणि न जाळले असे लिहिण्यास जीभ धजेना. मग त्यांनी मनाशी मसलत केली की आधी यंत्र गुपचूप दुरुस्त करावे आणि मग उत्तर लिहावे. ही मसलत सदतीस वर्षे चालली. मध्यंतरी जनार्दनपंतांची आणखी दोन पत्रे आली, तीही त्याच मसलतीच्या पोटात गेली, आणि पुढे पत्रे बंद जाहली. यंत्र एका जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर चढले. पंत त्या माळ्याखालून जाताना मान खाली घालून जात.

ऐसियासि शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, श्रावण मासी, दुपारच्या प्रहरी फोन वाजला. बोलणार जनार्दनपंतांची कन्या मृदुला. तिने क्षेमकुशल पुसून सांगितले की वडिलांची नजर उतरत चालली, बोटभर उंचीची अक्षरे तेवढी दिसतात, आणि डॉक्टर म्हणतात की संक्रांतीनंतर तीही दिसतील याचा भरवसा नाही. मग ती म्हणाली, "काका, एक विचारू? आईबाबांची कसलीशी पैज अडकलीय म्हणे तुमच्या पत्रावाचून. पोस्टमन दिसला की बाबा विचारतात, नरहरीचं उत्तर आलं का. आणि सकाळचा चहा अजून तेच करतात. दिसत नाही, दोनदा हात भाजून घेतला, पण आईला करू देत नाहीत. म्हणतात, उत्तर येईपर्यंत नियम म्हणजे नियम. हे काय आहे काका?" पंत इतकेच बोलले की, लिहितो. आणि फोन ठेवून त्यांनी शिडी मागितली.

यंत्र माळ्यावरून उतरले ते पिवळे पडलेले, दात किडलेल्या म्हाताऱ्यासारखे. पंतांनी धोतर सोडविले आणि गॅलरीत पाट मांडून त्यावर यंत्राची स्थापना केली. मोहिमेस सेनापती पाहिजे म्हणून गुलाबभाई आत्तार यांस पाचारण जाहले. हे गृहस्थ चाळीस वर्षे पेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करून आता घरी बसलेले; तोंडाने थोडे बोलावे आणि नाकाने जळका भाग ओळखावा ही यांची ख्याती. त्यांनी यंत्राचे चार स्क्रू काढले, चष्मा कपाळावर चढविला, आणि आत वास घेऊन म्हणाले, "पंत, कॅपॅसिटर फुगलेत, सगळ्यांची पोटं सुटलीत. ते वयामुळे. ते जाऊ द्या. खरं गेलंय ते एवढंच, एक फ्यूज आणि वीज आवरून धरणारा हा एक रेग्युलेटर. अर्ध्या तासाचं काम." पंतांनी विचारले, हे दुखणे तेव्हाही अर्ध्या तासाचे होते काय? गुलाबभाई म्हणाले, "तेव्हा वीस मिनिटांचं. माझे डोळे चांगले होते."



भाद्रपद मासी यंत्र जिवंत जाहले. पडद्यावर निळी चौकट उमटली, आणि तीत एक लहानसा चौकोन लुकलुकू लागला, जणू सदतीस वर्षे झोपलेला माणूस डोळे चोळून म्हणतो, बोला. गुलाबभाईंनी सोल्डरिंगची कांडी गुंडाळून ठेवली आणि आपल्या धंद्याचा एकच मंत्र सांगितला की, "चालत्या यंत्राला हात लावायचा नाही." पंत मान डोलवून हो म्हणाले. त्याच दिवशी कॅसेट लावती तर ही बखर येथेच संपती. परंतु कॅसेट हातात घेताच पंतांस शंका आली. तीत काय प्रश्न आहे? यंत्र नीट ठेवलेस ना, असाच असेल तर? मग त्यांनी कॅसेट खणात ठेवली आणि घरच्या सरकारांस कळविले की आधी राज्याची नीट व्यवस्था लावतो, मग खलित्याचे पाहतो. सरकार म्हणाल्या, "एवढंच ना, की भीती वाटते?" पंतांनी हे ऐकले नाहीसे केले.

येथून पुढे दिग्विजय सुरू जाहला. प्रथम मोहीम पिवळेपणावर. कोठेसे वाचले की केस फिके करण्याचे औषध फासून उन्हात ठेवावे म्हणजे जुने प्लास्टिक पांढरे होते. म्हणून पंत ब्यूटी पार्लरच्या सामानाच्या दुकानी स्वतः गेले, आयुष्यात पहिल्यानेच, आणि काउंटरवरील मुलीने, कोणासाठी काका, म्हणून पुसता घामाघूम होऊन म्हणाले, घरात एक म्हातारे आहेत त्यांच्यासाठी. मग आश्विनाच्या कडक उन्हात गच्चीवर, शेजारणीच्या लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी, यंत्राची कवटी औषध फासून आणि पातळ प्लास्टिकमध्ये लपेटून दोन दिवस ठेविली. प्लास्टिकला जेथे चुण्या पडल्या तेथे पिवळे राहिले आणि बाकीचे पांढरे जाहले. यंत्र सोलले तेव्हा पट्ट्यापट्ट्यांचे निघाले. शेजारीण म्हणाली, "पंत, झेब्रा केलात का हो?" आणि आपली बरणी दुसऱ्या कोपऱ्यात नेली.

मग फोनवर जुन्या यंत्रांच्या हौशी लोकांचे एक मंडळ होते, त्यात पंत दाखल जाहले. तेथे कोणी यंत्रास पंखा बसवी, कोणी नवा पडदा जोडी, आणि सर्वांचे एकमत असे की साडेतीन हजार अक्षरांत आजकाल भिकारीही राहत नाही. पंत भिडस्त, त्यांस नाही म्हणता येईना. प्रथम नव्या टीव्हीस जोडण्याची डबी आली, आणि मग पंखा आला, आणि मग कळफलकास नव्या स्प्रिंगा आल्या, आणि मग ज्यावर सर्व मंडळ लुब्ध होते ती स्मृती वाढविणारी पाटी आली. पाटी यंत्राच्या पाठीत खोचली आणि साडेतीन हजारांचे राज्य एका झटक्यात अठ्ठावीस हजारांचे जाहले. पंत तो आकडा पडद्यावर पाहून उठून उभे राहिले. एवढा मुलूख त्यांच्या घराण्यात कोणी मिळविला नव्हता. त्यात वस्ती काय करावी हे सुचेना, तेव्हा तो नुसताच पाहत बसत, आणि मंडळात त्याचे चित्र पाठवीत, आणि लोक अंगठे उंचावून वाहवा करीत. कार्तिक गेला. इंदुराहून मृदुलेचा दुसरा फोन आला, तो बाईंनी घेतला. बाबांस आता बोटभर अक्षरेही दोन दिसतात, चहाचे पातेले पुन्हा उलटले, असे वर्तमान. बाईंनी फोन ठेवला आणि गॅलरीत येऊन कॅसेट खणातून काढून पंतांच्या मांडीवर ठेवली.

मग मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस टेपरेकॉर्डर मांडला. त्याचा रबरी पट्टा वितळून डांबर जाहला होता, तो बदलला. कॅसेटची सैल फीत पेन्सिल घालून गुंडाळली. आवाजाची चकती सातावर ठेविली. यंत्रास हुकूम लिहिला आणि बटन दाबले. टेपमधून रातकिड्यांची फौज ओरडावी तैसा आवाज निघाला, आणि यंत्राने फिरंगी भाषेत लिहिले की शोधतो, आणि मग लिहिले की सापडले, आणि पुढे नाव उमटले: नरहरी. मजकूर यंत्राच्या पोटात गेला, पंतांनी चालू कर म्हणून आज्ञा दिली, आणि पडद्यावर काहीच आले नाही. पुन्हा केले. पुन्हा नाही. आवाज आठावर नेला, सहावर आणला, टेपच्या डोक्याचा स्क्रू पाव फेरा फिरविला, नंतर उलट फिरविला. चार दिवस हेच. दर वेळी नाव सापडे आणि माणूस सापडेना. पाचव्या दिवशी पंतांनी ठरविले की फीत मेली, ही आपल्याच पापाची शिक्षा, आणि गुलाबभाईंस निरोप दिला की सामान नेण्यास यावे.

आणि मग त्यांनी पाटावर बसून उत्तर लिहिण्यास घेतले. तीन ओळी जाहल्या. इंदुमतीबाई चहा घेऊन आल्या त्यांनी खांद्यावरून वाचले: तुझे पत्र मला कधी मिळालेच नाही, याचा खेद वाटतो. बाईंनी कप खाली ठेवला, कागद उचलला, चार तुकडे केले, आणि समोर स्टूल ओढून बसल्या. पंत म्हणाले की तुला ठाऊक नाही, ते यंत्र मी चौथ्याच दिवशी जाळले होते. बाई म्हणाल्या, "मला त्याच दिवशी ठाऊक होतं. धुराचा वास स्वयंपाकघरात आला होता, आणि तुम्ही सगळ्या खिडक्या उघडून गीता वाचत बसला होता. म्हटलं, सांगतील कधीतरी." पंतांनी पुसले, मग बोलली का नाहीस? बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तुमच्या घरात थांबायची सवयच लागते माणसाला."

इतक्यात गुलाबभाई आले. त्यांनी एकवार टेप लावून पाहिली, आणि म्हणाले की आवाज स्वच्छ आहे, फीत काही मेलेली नाही. बाई यंत्राकडे पाहत होत्या. त्यांस यंत्राचे ज्ञान नाही, परंतु आपल्या नणंदेचे ज्ञान होते. त्या म्हणाल्या, "वन्सं गावाहून आल्या होत्या, आठवतं? आपण नव्या घरी आलो आणि तुमचा पत्ता कळवायचा राहिला. त्या जुन्या दारात पिशवी घेऊन दोन तास उभ्या. आत दुसरेच लोक. जनार्दनभाऊजींनी ही कॅसेट पाठवली तेव्हा हे यंत्र केवढं होतं?" पंत म्हणाले, साडेतीन हजार. आणि इतके म्हणताच त्यांची नजर यंत्राच्या पाठीतील पाटीकडे गेली. गुलाबभाईंनी चष्मा काढला आणि पुसत पुसत म्हणाले, "बरोबर आहे वहिनींचं. ही पाटी खोचली की यंत्र आपली पडद्याची जागाच हलवतं. जुना मजकूर जुन्या जागी जाऊन बोलतोय. तिथं कोणी बघतच नाही." मग पंतांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मी सांगितलं होतं, चालत्याला हात लावू नका."

तेव्हा ज्या मुलुखासाठी दोन मास खर्ची पडले तो नरहरपंतांनी एका चिमट्यात सोडला. अठ्ठावीस हजारांची पाटी निघाली, नवी डबी निघाली, पंखा निघाला, जुना दूरदर्शन संच पलंगाखालून ओढून आणिला. यंत्र पुन्हा साडेतीन हजारांचे गरीब जाहले. अंगावरचे पट्टे तेवढे राहिले, ते निघण्यासारखे नव्हते. पुन्हा टेप लावली, रातकिडे ओरडले, यंत्राने नरहरी म्हणून हाक दिली, आणि पंतांनी चालू कर म्हणून लिहिले. निळ्या चौकटीत अक्षरे उमटली. लिपी फिरंगी, भाषा मराठी, आणि ओळ लहान म्हणून शब्द मध्येच मोडलेले, जैसे जनार्दनपंत बोलताना दम घेत.

यंत्र म्हणाले, "यंत्र बिघडवलेस का? हो की नाही?"

सदतीस वर्षे ज्या प्रश्नास पंत भ्याले तो हाच होता. अखेर त्यांनी जनार्दनपंतांस सदतीस वर्षे न दिलेला कबुलीजबाब दिला आणि हो लिहिले. यंत्राने तत्काळ उत्तर केले, "खोटे बोलतोस. बिघडले असते तर हे वाचलेस कसे?" गुलाबभाईंस हसू फुटले ते आवरेना. बाई पदर तोंडाशी धरून हसल्या. पंत मात्र वरमून बसले. एकदाच खरे बोलले तेही खोटे ठरले. मग बाई म्हणाल्या, "आता त्याला हवं ते सांगा." पंतांनी नाही लिहिले. यंत्र बोलले ते येणेप्रमाणे:

"शाबास नरहरी. आठ दिवसांत बिघडवशील अशी मी तुझ्या वहिनीशी, कुसुमशी, पैज मारली होती. ती म्हणे, नरहरभाऊ बिघडवणार नाहीत. हरेल त्याने जन्मभर सकाळचा चहा करायचा. निकाल लागेपर्यंत मी करतो आहे. लेखी कळव, ती तोंडी मानत नाही. बिघडले असते तरी काय रे, यंत्रच ते."

पंतांनी शेवटची ओळ दोनदा वाचली. मग चष्मा पुसला, आणि तिसऱ्यांदा वाचली. गुलाबभाई उठून दोरीवरचे कपडे पाहू लागले.

बाई म्हणाल्या फोन करा. पंत म्हणाले, लेखी मागितले आहे. मग दुकानातून चित्रकलेचा जाड कागद आणि खोक्यांवर नावे लिहिण्याचा काळा मार्कर आणविला, आणि पंतांनी जमिनीवर बैठक मारून बोटभर नव्हे, वीतभर अक्षरे काढिली. मजकूर मावेना, म्हणून पहिले दोन कागद वाया गेले. तिसऱ्यावर उतरले ते असे: "जनू, पैज तू जिंकलास. चौथ्या दिवशीच जाळले. रेडिओचे एलिमिनेटर लावले. आता दुरुस्त केले. उद्यापासून चहा वहिनींचा. नरहरी." बाईंनी वाचून विचारले, क्षमा मागायची राहिली का? पंत म्हणाले, "कागदात जागा नाही. आणि त्याने आधीच दिली आहे, मी उघडून पाहिली नव्हती इतकेच."

मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस, संक्रांतीस बराच अवकाश असता, नरहरपंत स्वतः पायी टपाल कचेरीत गेले. कारकुनाने विचारले की साधे की रजिस्टर, तेव्हा पंतांनी भीड सोडून सांगितले, जे सर्वांत लवकर पोहोचेल ते. पावती घेतली, आणि दाराशी येऊन परत आत वळले, आणि कारकुनास पुसले की गेले ना? कारकून म्हणाला, "आजोबा, तुमच्यासमोर तर थैलीत टाकलं." तरी पंत थैलीचे तोंड बांधीपर्यंत बाकावर बसून राहिले.

सारांश, वीस मिनिटांचे दुखणे, सदतीस वर्षांची मसलत, दोन महिन्यांचा दिग्विजय, आणि शेवटी राज्य होते तेवढेच उरले. यंत्र हल्ली गॅलरीत आहे, पट्टेरी आहे, चालते आहे, त्यास कोणी हात लावीत नाही. सकाळचा चहा नरहरपंत करू लागले आहेत. पैज नव्हती, तरी करतात. थैली बांधली गेली, गाडी सुटली, खलित्याचे उत्तर इंदुरास रवाना जाहले.